'पी' सांगितलं, 'बी' लिहिलं गेलं

पत्र: माझं वय ४३. यंत्रांच्या सुट्या भागांच्या ऑर्डरी फोनवर घेण्याचं काम करतो, पलीकडची माणसं परदेशातली असतात. व्याकरण बरं आहे, शब्दही सुचतात. पण मी 'पी' सांगितलं की तिकडे 'बी' लिहिलं जातं. परवा 'पॅक इट' म्हणालो तर समोरच्याने विचारलं, 'बॅक इट? म्हणजे?' 'वेस्ट गेट' म्हटलं की हमखास 'पुन्हा सांगा' येतं. मुलगी अकरावीत आहे. ती म्हणते, 'बाबा, तुम्ही व्हेस्ट म्हणताय.' मग दोन्ही शब्द म्हणून दाखवते आणि मला ते हुबेहूब एकच वाटतात. व्हिडिओ पाहिले, जीभ कुठे लावायची ते वाचलं, फरक पडला नाही. माझा कानच कच्चा आहे का? या वयात सुधारेल का? आणि मुलीनं चारचौघांत टोकू नये हे तिला कसं सांगू?
– एक वाचक

उत्तर:

नमस्कार. आधी कानाचं बघू, कारण पत्रातली खरी काळजी तीच दिसते.

'वात' आणि 'वाट' या शब्दांत तुमचा कधी गोंधळ झालाय का? झोपेतही होणार नाही. पण इंग्रजी घरात वाढलेल्या मोठ्या माणसाला हे दोन शब्द म्हणून दाखवा. त्याला बहुतेक वेळा ते एकच वाटतील. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस या संशोधकांनी कॅनडात तान्ह्या बाळांवर हेच तपासलं आणि १९८४ मध्ये निष्कर्ष मांडले. इंग्रजी घरांतली ६ ते ८ महिन्यांची बाळं हिंदीतला त आणि ट वेगवेगळा ओळखत होती. १० ते १२ महिन्यांच्या बाळांची ती ओळख जवळजवळ गेलेली होती. त्यांचे कान शाबूतच होते. आजूबाजूच्या भाषेत ज्या फरकाने अर्थ बदलत नाही, तिकडे लक्ष देणं मेंदू सोडून देतो, एवढंच. तुमचं नेमकं हेच झालंय, फक्त उलट बाजूने. मराठीत व एकच, म्हणून इंग्रजीतले दोन व तुमच्या कानात एकाच खणात जाऊन पडतात. हा सुटलेला फरक मोठेपणीही पकडता येतो. नुसतं इंग्रजी ऐकत राहून तो येत नाही, नेमका सराव लागतो. वयाची धास्ती घेऊ नका.

दुसरी अडचण लिपीची आहे आणि तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. आपण इंग्रजी शब्द मनातल्या मनात देवनागरीत लिहून ठेवतो आणि मग तेच अक्षर वाचतो. देवनागरी ही उच्चाराची लिपी, त्यामुळे आपला तिच्यावर भरवसा. पण ती मराठीच्या उच्चाराची लिपी आहे. 'पिन' लिहिलं की मराठी प येतो, आणि मराठी प इंग्रजांचा 'पी' नव्हे. तुमच्या बहुतेक तक्रारींचं मूळ इथेच आहे. म्हणून पुढे जिथे जिथे इंग्रजी शब्द देवनागरीत लिहिलाय, तिथे अक्षरापेक्षा तोंडाच्या वर्णनाकडे लक्ष द्या.

तर पहिली जोडी, पी आणि बी. तुमच्या कामात सगळ्यात महाग पडणारी हीच, आणि सुदैवाने मराठी माणसाला सगळ्यात सोपीही हीच.

इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीच्या प, ट, क मागे श्वासाचा जोरदार झोत येतो. ओठ किंवा जीभ सुटल्यापासून स्वराचा आवाज सुरू होईपर्यंत साधारण ६० ते ८० मिलिसेकंदांची फट असते आणि त्या फटीत नुसती हवा वाहते. मराठी प, ट, क मध्ये ही फट नसल्यात जमा. लिस्कर आणि अब्रॅमसन या अमेरिकी संशोधकांनी १९६४ मध्ये ११ भाषांत ही फट मोजली होती आणि त्या ११ भाषांत मराठीही होती. दुसरीकडे इंग्रजांचा सुरुवातीचा ब आपल्या ब इतका घुमणारा नसतो. अनेकदा गळ्यातला आवाज ओठ सुटतानाच कुठे सुरू होतो. मग त्यांचा कान पी आणि बी वेगळे कसे करतो? झोत आहे की नाही, यावरून. तुमच्या 'पी' ला झोत नाही, म्हणजे त्यांच्या हिशेबात तो 'बी' झाला. समोरचा माणूस दुर्लक्ष करत नाहीये, त्याला खरोखरच 'बी' ऐकू येतंय.

पातळ कागदाची दोन बोटं रुंद आणि वीतभर लांब पट्टी कापा. वरचं टोक चिमटीत धरून ती ओठांसमोर तीन-चार सेंटिमीटरवर लोंबती ठेवा. नेहमीसारखं 'पॅक' म्हणा. पट्टी हलणार नाही, हललीच तर जेमतेम. आता ओठ घट्ट मिटा, आत हवा दाबून धरा आणि प नंतर ह घालून सोडा: 'प्हॅक'. पट्टी टुणकन पुढे उडायला हवी. मग 'बॅक' म्हणा, पट्टी जागच्या जागी राहील. दहा वेळा 'प्हॅक', दहा वेळा 'बॅक', मग आलटून पालटून. एक चूक इथे हटकून होते. हल्ली आपल्यातले बरेच जण फ म्हणताना ओठ मिटतच नाहीत, खालचा ओठ दातांना लावून हवा सोडतात. तशा सवयीच्या माणसाने 'पिन' साठी फ मनात आणला तर 'फिन' होतं, म्हणजे माशाचा पर. म्हणून फ अक्षर डोक्यातून काढा आणि प अधिक ह असंच म्हणा. ओठ पूर्ण मिटलेत ना, हे आरशात दिसतं.

ट साठी ठ वापरा, फक्त जिभेचं टोक आपल्या ठ पेक्षा थोडं पुढे, वरच्या दातांमागच्या हिरडीच्या उंचवट्यावर टेकवा. क साठी ख. 'टाउन' आणि 'डाउन', 'कोल्ड' आणि 'गोल्ड', 'कोट' आणि 'गोट' या जोड्या पट्टीसमोर करा. क ला पट्टी कमी हलते, कारण हवा घशाजवळून निघते, त्यामुळे क तळहातावर तपासा. ज्यांच्या भाषेत महाप्राण, म्हणजे ख, ठ सारखे श्वासाच्या झोताचे वर्ण, वेगळे नाहीत त्यांना हा झोत शिकायला महिने लागतात. आपल्याकडे ख, ठ आधीच तोंडात आहेत, फक्त जागा बदलायची आहे.

जागेचा नियमही सांगतो, नाहीतर सगळीकडे ह घुसेल. झोत शब्दाच्या सुरुवातीला आणि शब्दाच्या ज्या तुकड्यावर जोर आहे त्याच्या सुरुवातीला. 'अपिअर' आणि 'अटॅक' मध्ये झोत आहे. 'पेपर' मध्ये पहिल्या प ला आहे, दुसऱ्याला जवळजवळ नाही. आधी स आला की झोत नाहीच: 'स्पिन', 'स्टॉप', 'स्काय' आपल्या मराठी प, ट, क नेच म्हणा, तेच बरोबर आहे. अक्षरांच्या नावांनाही हेच लागू. फोनवर 'प्ही' आणि 'ठी' म्हणालात की 'बी' आणि 'डी' शी होणारी गल्लत पुष्कळ कमी होईल.

आता व. इथे जरा थांबायला हवं, कारण तुमची मुलगी बरोबर सांगतेय आणि तरीही तुम्हाला ऐकू येत नाही.

इंग्रजीत व्ही अक्षराचा आवाज एक आणि डब्ल्यूचा दुसरा. आपला मराठी व या दोघांच्या मधोमध बसतो: खालचा ओठ वरच्या दातांकडे जातो पण नीट टेकत नाही, ओठ गोलही होत नाहीत. त्यामुळे इंग्रजी कानाला तो कधी हा वाटतो, कधी तो. त्यात आपल्या लेखनाने भर घातलीय. व्ही साठी आपण व्ह लिहितो: व्हॅन, व्हिडिओ. पण 'नव्हतं', 'व्हायचं' मधला व्ह म्हणजे व ला जोडलेला ह, आणि व्हीच्या उच्चारात ह चा मागमूस नाही. शिवाय ज्या शब्दांत डब्ल्यूच्या मागे एच आहे तिथेही आपण व्हच लिहितो: व्हील, व्हाइट, व्हॉट, व्हेल मासा. हे सगळे उच्चाराने डब्ल्यूचे शब्द आहेत! म्हणजे आपल्या लेखी 'व्हॅन' आणि 'व्हील' यांची सुरुवात सारखी, आणि प्रत्यक्षात तोंडाच्या दोन वेगळ्या ठेवणी. तेव्हा व की व्ह हा विचार सोडा आणि दात की गोल, एवढंच विचारा.

दात म्हणजे व्ही. खालच्या ओठाची आतली, ओलसर कड वरच्या पुढच्या दातांना हलकेच लावा. चावू नका, चावलात की हवा अडते आणि आवाज बंद पडतो. आता नुसती हवा सोडा, इंग्रजी एफचा फुसफुसाट येईल. तोंड तसंच ठेवून गळ्यातला आवाज सुरू करा. ओठाला गुदगुल्या होतील, गळ्यावर बोटं ठेवलीत तर तिथेही थरथर लागेल. ही गुणगुण पूर्ण तीन सेकंद धरा आणि मग स्वरात सोडा: व्व्व्-एस्ट. दोन गोष्टी बिघडतात. ओठ घाईने दातांपासून सुटतो, मग मराठी व येतो. किंवा सोडताना ह चा धक्का बसतो, मग 'नव्हतं' मधला व्ह येतो. दोन्हीवर उपाय एकच, गुणगुण लांबवा. जी धरून ठेवता येते ती व्ही.

गोल म्हणजे डब्ल्यू. शिट्टी वाजवताना करता तसे ओठ गोल आणि पुढे. दातांचा काही संबंध नाही. उ म्हणायला सुरुवात करा आणि न थांबता पुढच्या स्वरात घसरा. 'वेस्ट' म्हणजे पश्चिम, तो 'उएस्ट'. 'व्हील' म्हणजे 'उईल', 'व्हाय' म्हणजे 'उआय'. सुरुवातीला हे दोन तुकडे वाटतील, चालेल. आठवडाभरात एकजीव होतात. खालचा ओठ सवयीने दातांकडे सरकत असेल तर करंगळीचं टोक ओठांमध्ये धरून बघा, ओठ बोटाभोवती कड्यासारखे यायला हवेत. 'वुड' आणि 'वुमन' अवघड जातात, कारण पुढचा स्वरही उ च असतो. तिथे ओठ आधी खूप आवळून मग सैल करा.

आरशासमोर 'ट्वेल्व्ह' हा एकच शब्द घ्या. बारा. यात दोन्ही आहेत. ट नंतर लगेच ओठ गोल, मग ए ला ते पसरतात, ल ला जिभेचं टोक वर, आणि शेवटी खालचा ओठ दातांखाली, गुणगुणत. प्रत्येक टप्प्यावर थांबून बघा. शेवटी ओठ दातांखाली गेलेला दिसला नाही तर शब्द पूर्ण झालेला नाही. 'वेव्ह' म्हणजे लाट, तिथेही हेच: गोल, मग दात. 'ट्वेल्व्ह' पन्नास वेळा नीट म्हणणं हे पन्नास वेगळे शब्द घाईत म्हणण्यापेक्षा जास्त कामाचं आहे.

एक इशारा आत्ताच देऊन ठेवतो. व्हीचा सराव सुरू केला की आठ-दहा दिवसांनी तो सगळीकडे पसरतो आणि 'व्हेरी वेल' मधल्या दुसऱ्या शब्दालाही दात लागू लागतात. ही मागे घसरण नाही, मेंदू नव्या हालचालीचा अतिवापर करतोय. त्या सुमाराला दोन्ही आवाज जवळजवळ असलेले शब्द घ्या: 'व्हेरी वेल', 'वन व्हॉइस', 'व्हॉट अ व्ह्यू'. यात पहिल्या शब्दसमूहात दात मग गोल, उरलेल्या दोन्हींत गोल मग दात.

तोंड जमलं की कानाकडे या. व्हिडिओंचा उपयोग झाला नाही याचं कारण त्यात तुम्हाला आधीच माहीत असतं की आता कुठला शब्द येणार. कानाला निवड करावी लागली पाहिजे. मुलीला २० शब्दांची यादी करायला सांगा, दहा व्हीचे आणि दहा डब्ल्यूचे, क्रम मिसळलेला. व्हेट म्हणजे गुरांचा डॉक्टर आणि वेट म्हणजे ओलं. व्हर्स म्हणजे कवितेची ओळ आणि वर्स म्हणजे अधिक वाईट. व्हाइन म्हणजे वेल आणि वाइन. व्हेस्ट आणि वेस्ट. हेच शब्द पुन्हा पुन्हा आले तरी हरकत नाही. तिने तोंडासमोर कागद धरून वाचावं, तुम्ही कागदावर नुसतं 'दात' किंवा 'गोल' लिहावं. प्रत्येक शब्दानंतर तिने लगेच बरोबर की चूक ते सांगायचं. ताबडतोब कळलं नाही तर कान काही शिकत नाही. आंधळेपणाने लिहिलं तरी सुमारे दहा बरोबर येतातच, म्हणून अकरा-बारा आले म्हणून खूश होऊ नका. तीन दिवस ओळीने १८ च्या वर आले की ही जोडी कानात बसली. आणि एकट्या मुलीच्या आवाजावर विसंबू नका, नाहीतर कान तिचा आवाज शिकेल. ऑनलाइन शब्दकोशांत ब्रिटिश आणि अमेरिकन असे दोन्ही उच्चार ऐकायला मिळतात, तेही यादीत मिसळा.

स्वतःचा आवाजही असाच तपासा. मिसळलेली यादी फोनवर रेकॉर्ड करा आणि दोन दिवस ऐकू नका. क्रम विसरल्यावर ऐकून 'दात' की 'गोल' लिहा, मग मूळ यादीशी ताडून बघा. फोनच्या बोलून टाइप करण्याच्या सोयीवर फार विश्वास टाकू नका. वाक्य दिलं तर ती संदर्भावरून अंदाज बांधते आणि चुकीचा उच्चारही बरोबर लिहून मोकळी होते. सुटे शब्द दिलेत तर थोडा अंदाज येतो.

तिसरी जोडी तुम्ही पत्रात लिहिलेली नाही, पण सुटे भाग हा तुमचा धंदा असल्यामुळे लिहितो. आपण सर्रास म्हणतो, 'स्क्रू लूज झालाय.' इंग्रजीत सैल या अर्थाचा शब्द स ने संपतो, 'लूस'. शेवटी झेडचा आवाज आला की तो 'हरवणे' असा वेगळा शब्द होतो. झेडसाठी स म्हणत राहा आणि मध्येच गळ्यातला आवाज चालू करा, माशी घोंघावल्यासारखा आवाज येईल. तो पाच सेकंद धरता आला तर झेड. धरता येत नसेल, जीभ टेकून सुटत असेल, तर तो ज आहे. 'माझा' मधला झ बऱ्याच जणांच्या तोंडी झेडच्या जवळ असतो, त्यातला ह चा अंश काढून तोच लांबवा. 'इज', 'वॉज', 'हॅज', 'बिकॉज' यांच्या शेवटी ज नाही आणि स ही नाही, झेड आहे. अनेकवचनाच्या एसचा नियम असा की प, ट, क, एफ आणि थ नंतर तो स राहतो. स, श, च, ज सारख्या आवाजांनंतर 'इझ' होतो. बाकी सगळीकडे झेड. म्हणून 'पार्ट्स' मध्ये स, आणि 'स्क्रूझ', 'गिअर्झ'. 'प्राइस' म्हणजे किंमत आणि 'प्राइझ' म्हणजे बक्षीस यांत आणखी एक खूण आहे: झेडच्या आधीचा स्वर लांब होतो, साधारण दीडपट. फोनवर शेवटचा आवाज दबतो, तेव्हा पलीकडचा माणूस या लांबीवरूनच ओळखतो. 'कॅप' आणि 'कॅब', 'सीट' आणि 'सीड' मध्येही दुसऱ्या शब्दाचा स्वर मुद्दाम ताणा.

'मेझर' म्हणजे मोजमाप, तो शब्द 'मेजर' असा म्हणत असाल तर श लांब धरा, त्यात गळ्याचा आवाज मिसळा, जीभ कुठेही टेकू देऊ नका. 'कॉफी' ची 'कॉपी' होत असेल तर तिथे मात्र ओठ मिटायचे नाहीत, दात लावायचे.

थ आणि द बद्दल सगळे शिक्षक भरपूर बोलतात, मी तुम्हाला ते शेवटी ठेवायला सांगेन. आपला दंत्य थ आणि द ऐकून इंग्रजी माणूस अडखळतो क्वचितच; 'थ्री' आणि 'ट्री', 'दे' आणि 'डे' आपण मुळातच वेगळे म्हणतो. उलट जीभ दातांत धरायच्या नादात काहींचं 'थिंक' हे 'सिंक' होतं आणि होता तो स्पष्टपणाही जातो. पुढे कधी करायचंच झालं तर जिभेचं टोक दातांमध्ये ठेवून हवा गळू द्यायची, टेकवून सोडायची नाही.

वेळेचं म्हणाल तर रोज १५ मिनिटं पुरतात: पाच तोंडाला, पाच कानाला, पाच कामातल्या खऱ्या वाक्यांना. एका वेळी एकच जोडी, साधारण दोन आठवडे. तुमच्या बाबतीत पी-बी, टी-डी आधी, मग व्ही-डब्ल्यू, मग झेड. तिन्ही एकदम सुरू केलंत तर बोलताना लक्ष इतकं तोंडावर जाईल की सांगायचा मुद्दाच निसटेल. खऱ्या फोनवर पहिले आठ दिवस फक्त भागांच्या क्रमांकांत झोत सांभाळा, बाकी वाक्य नेहमीसारखं बोला.

तोवर ऑर्डर चुकू नये म्हणून अक्षरं एकेकटी सांगूच नका. विमानवाहतुकीत १९५६ पासून वापरात असलेली शब्दांची पद्धत आहे: बी साठी ब्राव्हो, पी साठी पापा, डी साठी डेल्टा, टी साठी टँगो, व्ही साठी व्हिक्टर, डब्ल्यू साठी विस्की, झेड साठी झुलू. 'पापा, फोर, सेव्हन, टँगो' असं सांगा आणि समोरच्याकडून परत म्हणवून घ्या. पूर्ण यादी फोनशेजारी चिकटवून ठेवा.

राहिली मुलगी. तिला टोकू नको म्हणून सांगण्याऐवजी काम द्या. तिचा कान तुमच्यापेक्षा या बाबतीत तयार आहे आणि असा परीक्षक घरात असणं फार मोलाचं आहे. रोज रात्री ती पाच मिनिटांची यादी तिने घ्यायची, गुण तिने मांडायचे. अट एकच, वाक्य चालू असताना मध्ये बोलायचं नाही, कारण मध्ये टोकलं की बोलणारा शब्द बदलून पळवाट काढतो आणि आवाज तसाच राहतो. बाहेर तिला काही खटकलं तर तिने तो शब्द लक्षात ठेवावा आणि दुसऱ्या दिवशीच्या यादीत घालावा.